सिस्टर आणि बेड नंबर तीन

सिस्टरना कोंबडी आवडायची ती फक्त ताटात. त्यातही तंगडी नको, मानेचा तुकडा. "हाड चोखत बसलं की तेवढा वेळ कुणाशी बोलावं लागत नाही," म्हणायच्या. ही बाई साठी उलटल्यावर म्हाताऱ्या कोंबड्या पाळेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी मशीन थांबवून हसले असते.

माझं मशीन फॉल-पिकोचं. घोडपदेवच्या आमच्या चाळीत, तळमजल्यावर, दाराशीच. समोरची खोली सिस्टरची. मधे बोळ एवढा अरुंद की त्यांच्या भाजीला फोडणी पडली की मला शिंक यायची. त्यामुळे जे सांगतेय त्यातलं बहुतेक ऐकीव नाही, साडीचा काठ दुमडता दुमडता डोळ्यांनी बघितलेलं आहे.

नाव शालिनी राणे. पण परळच्या हॉस्पिटलात सगळी नोकरी गेली, आणि नोकरी संपली तरी सिस्टर हेच नाव राहिलं. घड्याळ मनगटावर कधी बांधलं नाही, छातीशी पिन लावून उलटं टांगायचं. रिटायर झाल्यावरही तसंच, घरच्या गाऊनवरसुद्धा. हात धुवायच्या ते कोपरापर्यंत, आणि नळ बंद करायच्या तोही कोपरानेच. चाळीचा नळ, चावी आधीच गंजलेली, कोपराने कसली बंद होतेय? पण त्यांनी हट्ट सोडला नाही. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. महाडिकांच्या सुजाताने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मला बघायला आलेल्यांना माझा पगार पसंत होता, रात्रपाळी नव्हती."

गोड बोलणं ठाऊक नाही. इंजेक्शनला पोर रडलं तर "ओरडून सुई लवकर निघत नाही" एवढंच सांत्वन. पण सुई कधी लागली, कळायचं नाही. सगळ्या चाळीची इंजेक्शनं, टाके, पट्ट्या, एनिमा त्यांनी केले. महाडिक म्हणजे आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी. त्याची आई अंथरुणाला खिळली, पाठीला जखमा झाल्या, तेव्हा सून सुजाता नाकाला पदर लावून दारात उभी राहायची आणि सिस्टर आत वाकून पू काढायच्या. त्या साथीच्या वर्षात तर लोकांची पोटची पोरं दाराबाहेरून जेवणाची थाळी सरकवत होती. सिस्टर मात्र आत जायच्या. हे मी मुद्दाम आधी सांगतेय. पुढचं ऐकताना ध्यानात असू द्या.

कोंबड्या आल्या त्या त्यांच्या वहिनीमागे. गाव देवगडकडे. वहिनी तिथे घर धरून होती. मुंबईला कुणी चाकरमानी निघाला की त्याच्या हातात सिस्टरसाठी एक डबा ठरलेला. भाताच्या कोंड्यात रोवून ठेवलेली अंडी. इतक्या वर्षांत एकही फुटलेलं आलं नाही, असं सिस्टर सांगायच्या. वहिनी गेली. भाऊ मुलाकडे डोंबिवलीला राहायला येणार आणि घराला कुलूप लागणार होतं. तेरावं गोडाचं झालं आणि दुसऱ्या दिवशी तिखटाचं जेवण करायचं ठरलं, तेव्हा घरातल्या कोंबड्या एकेक करून संपल्या. शेवटी तीन उरल्या, अंडी बंद झालेल्या, निबर. त्या संध्याकाळच्या रश्शासाठी धरत होते. सिस्टर म्हणाल्या, "ह्या मी नेतेय."

"कशाला गो? अंडी नाय घालनत ह्यो," भाऊ म्हणाला.

"मी तरी कुठे घालतेय," सिस्टर म्हणाल्या, आणि करंडीला फडकं बांधून गाडीत बसल्या.

मला नंतर एकदा कारण सांगितलं. "मंगल, आयुष्यात मला न मागता कुणी काही पाठवलं असेल तर वहिनीने. तिच्या कोंबड्या तिच्याच दिवसांत कापून खायच्या, माझ्या घशाखाली उतरलं नसतं."

बरं, आणल्या खऱ्या, पण पाळायच्या कशा हे कुठे येत होतं? जन्म गेला वॉर्डात, त्यामुळे त्यांनी कोंबड्यांचाही वॉर्डच केला. जुन्या बाजारातून हॉस्पिटलचं लोखंडी लॉकर आणलं, पलंगाशेजारी असतं तसलं. त्याला जाळीचं दार लावलं आणि मागे दोन चाळींमधल्या घरगल्लीत उभं केलं. झालं खुराडं. नावं ठेवली नाहीत, नंबर दिले. बेड नंबर एक, दोन आणि तीन. "बेड नंबर दोनला आज शी पातळ झालीय," असं मला सकाळी सकाळी चहाबरोबर ऐकावं लागायचं. पहिल्याच रविवारी तिघींना साबणाच्या पाण्याने अंघोळ घातली. कोंबड्या भिजून काकडल्या, पंख सोडून बसल्या. सिस्टर घाबरल्या. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. इस्त्रीवाल्याची म्हातारी आई तिथून चालली होती, तिने कपाळावर हात मारला. "कोंबडी पाण्यात नाय, राखेत अंघोळ करते गं बाय." तेव्हापासून इस्त्रीच्या कोळशाची राख रोज सिस्टरच्या घमेल्यात जाऊ लागली. त्या राखेत लोळणाऱ्या कोंबड्या बघायला सिस्टर स्टूल टाकून बसायच्या. मी म्हटलं, "टीव्ही बिघडलाय का?" तर म्हणाल्या, "ह्याच्यात जाहिराती नसतात."

माणसांशी त्या वॉर्डातलं कापून काढलेलं मराठी बोलायच्या. कोंबड्यांशी मात्र मालवणी. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून मालवणी ऐकलं नव्हतं. "काय गो, आज जेवक नको? खंय दुखता तुका?" असं विचारायच्या, आणि आवाज अगदी परकरातल्या मुलीचा. मी मशीनचा पाय थांबवून ऐकत राहायचे.

पहिले काही महिने कोंबड्या जवळ आल्या नाहीत. म्हाताऱ्या कोंबड्या, माणसाचा हात म्हणजे काय हे बघून चुकलेल्या. डोळ्यांदेखत सोबतच्या गेल्या होत्या. सिस्टर तळहातावर कण्या घेऊन तशाच बसून राहायच्या, गुडघे आखडेपर्यंत. हलायच्या नाहीत, बोलवायच्या नाहीत. "पेशंटचा विश्वास बसेपर्यंत सुई दाखवायची नाही," म्हणायच्या. आधी आली ती तीन नंबर. काळीकबरी, डावा पंख जरा लोंबता. गावी मुंगसाने धरला होता म्हणे. आधी लांबून मान लांब करून एक दाणा उचलून पळाली. मग थांबून खाल्लं. आणि मग एके दिवशी दाणे संपले तरी गेली नाही, सिस्टरच्या पायांवर पोट टेकून बसली. सिस्टरनी मला खुणेने बोलावलं. बऱ्याच वेळाने, ती उठून गेल्यावर म्हणाल्या, "जन्मभर मी लोकांच्या अंगाला हात लावले. माझ्या अंगाला कुणी आपणहून येऊन टेकलं ते आज." आणि आत जाऊन हात धुतले नाहीत. मी वाट बघत होते, पण नाही धुतले.

एक नंबर पहिल्या थंडीत गेली. म्हातारपणच, दुसरं काय. सिस्टरनी छातीशी टांगलेलं घड्याळ उचलून बघितलं, वॉर्डात बघायच्या तसं, आणि वेळ मोठ्याने म्हणाल्या. जुन्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या तुकड्यात गुंडाळून घरगल्लीच्या टोकाला, भिंतीशी माती होती तिथे पुरली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी फिदीफिदी हसलं. सिस्टरनी वर बघितलं नाही.

आता मूळ दुखणं. पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास, तीन नंबर आरवायला लागली.

कोंबडी. आणि आरवते. घसा बसलेल्या माणसाने हाक मारावी तसा आवाज, पण आरवणंच ते. डोक्यावरचा तुरा लालभडक झाला, पायाला मागे काटा फुटला. आमच्या कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको. आरवणारी कोंबडी म्हणजे घरावर संकट, तिला ठेवायचं नाही. आणि चाळीला संकटांची काय कमी? आमची चाळ पाडून टॉवर व्हायचा होता, तो बिल्डरचा माणूस दसऱ्यापासून तोंड दाखवेना. महाडिकच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले. ते नव्वदीच्या पुढे होते आणि दोनदा जाऊन परत आले होते, पण तेही कोंबडीच्याच नावावर पडले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

एका सकाळी नळावर सगळ्या बायका जमल्या आणि सुजाताने विषय काढला. "सिस्टर, तुम्ही शिकलेल्या. पण हे बरं नव्हे. बाईमाणसाने बाप्याचा आवाज काढायचा?"

सिस्टर कळशी भरत होत्या. म्हणाल्या, "वय झालं की अंडाशय आटतं. मग तुरा वाढतो, आवाज फुटतो. आजार नाही, काही नाही. तुमची पाळी गेल्यावर हनुवटीवर केस येतात की नाही? इथल्या अर्ध्याजणी महिन्याच्या महिन्याला पार्लरमध्ये धागा फिरवून येता. तुम्हाला कुणी कापलंय का?"

कुणी हसलं नाही. मी हसले, आणि मला त्याबद्दल बरेच दिवस ऐकून घ्यावं लागलं. खरं सांगायचं तर सिस्टरनी त्या दिवशी जरा कमी बोलायला हवं होतं. अपशकुन लोक विसरतात. हनुवटीचं विसरत नाहीत.

आमच्या चाळीत दरवर्षी राखण देतात. फाटकाशी उंबर आहे, तिथे जागेवाला, म्हणजे जागा राखणारा देव, आहे असं जुने लोक मानतात. त्याला कोंबडा द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, मग बाप्ये तिथेच चूल मांडून त्याच कोंबड्याची सागुती करतात. वडे घराघरातून येतात, आणि सागुतीचा वाटा चाळीतल्या प्रत्येक खोलीत जातो. एकही खोली वगळायची नाही, भांडण असलं तरी. महाडिकने त्या वर्षी डोकं चालवलं. कोंबडी आरवते ना? मग तो कोंबडाच धरायचा. तिचीच राखण द्यायची. अपशकुनही जाईल आणि जागेवालाही खूश. गावच्या कुणा जाणत्याला फोन करून विचारलं म्हणे, तोही हो म्हणाला. फक्त सिस्टर देणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सचिनला धरलं, हे मला मागाहून कळलं.

सचिन म्हणजे सिस्टरच्या भावाचा मुलगा, डोंबिवलीचा. खोली माझ्यामागे सचिनला, हे सिस्टरनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. वर्षातून एकदा दिवाळीला यायचा, तो त्या महिन्यात दर रविवारी यायला लागला. सिस्टर खुलल्या. त्याला आवडतात म्हणून शिंपल्या, आमच्या तिसऱ्या, आणल्या, खोबऱ्याचं वाटप वाटलं. त्या रविवारी त्यांना गुडघ्यासाठी दादरला डॉक्टरकडे जायचं होतं, मला साड्या पोचवायच्या होत्या, म्हणून आम्ही बरोबर निघालो. सचिन म्हणाला, "आत्या, तू आरामात ये. मी आहे घरात." बसमध्ये सिस्टर मला म्हणाल्या, "पोरगा घर राखायला बसलाय. बरं वाटतं गं, कुणीतरी मागे असलं की."

दुपारी परत आलो तर फाटकाशी चूल पेटलेली, टोप चढलेला. सिस्टर म्हणाल्या, "यंदा राखण लवकर घेतली वाटतं." चपला काढून उंबराला हात जोडले. चुलीभोवतीच्या बाप्यांमधलं कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं, माझा दीरसुद्धा. आम्ही मागे घरगल्लीत गेलो.

लॉकरमध्ये दोन नंबर एका कोपऱ्यात भिंतीला तोंड करून बसली होती. दुसरं कुणी नव्हतं. सचिन दारात उभा. सिस्टर ओरडल्या नाहीत. विचारलं, "कुणी धरली?"

"मीच दिली, आत्या. एका कोंबडीसाठी सगळ्या चाळीशी वाईटपणा कशाला? उद्या खोली नावावर करायचं काम अडवतील."

"धरली कशी?"

"त्रास नाही दिला. पळालीच नाही ती. मी हात पुढे केला तर आपणहून आली, मांडीवर बसायला बघत होती." हे त्याने कौतुकाने सांगितलं. मेल्याला वाटलं, आत्याला तेवढंच समाधान.

"पण उचलली कशी?"

"पंखांना धरून. अशीच धरतात ना?"

सिस्टर म्हणाल्या, "तिचा डावा पंख दुखतो रे." आणि स्टुलावर बसल्या.

आता गंमत ऐका. गंमत कसली, माझ्या तोंडाची चव अजून गेलेली नाही. दिराने रात्री घरी येऊन सांगितलं. कापल्यावर आत बारीक पिवळ्या बलकांची माळ निघाली, मोहरीएवढी, वाटाण्याएवढी. म्हणजे कोंबडीच. राखणीला मादी चालत नाही. महाडिक पांढराफटक पडला. पण गाऱ्हाणं घालून झालेलं, सगळ्यांनी "होय महाराजा" म्हणून झालेलं. मग गुपचूप शिजवायला टाकली. ती शिजेना. दोनदा लाकडं घातली, कच्ची पपई टाकली, तरी चामड्यासारखी. शेवटी रस्सा वाटला आणि मांस ज्याने त्याने दाताखाली ओढलं. पुढच्या रविवारी लालबागच्या बाजारातून रीतसर कोंबडा आणून पुन्हा राखण दिली. म्हणजे ती जी गेली ती कुणाच्या कामी आली? देवाच्या नाही, माणसांच्या नाही, टॉवरच्या तर नाहीच नाही. बिल्डरचा माणूस आजतागायत आलेला नाही.

पण त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी वाटा मात्र प्रत्येक खोलीत गेला. प्रत्येक खोलीत, कारण रीत आहे. सुजाता स्टीलचं झाकणाचं भांडं घेऊन सिस्टरच्या दारात आली. मला वाटलं, जमीन दुभंगावी. कुणाला कळू नये का, की ह्या घरी आज तरी नको? सुजाता म्हणाली, "वाटा आहे सिस्टर, नाही म्हणू नका." सिस्टरनी दोन्ही हातांनी भांडं घेतलं. दार लोटलं. थोड्या वेळाने घरगल्लीत उकरल्याचा आवाज आला. मी मागच्या खिडकीतून बघितलं. एक नंबर पुरली होती तिच्या शेजारी त्यांनी पळीने खड्डा केला आणि भांडं ओतलं, निथळून, एक थेंब राहू न देता. मग भांडं राखेने घासलं, धुतलं, पुसलं, आणि महाडिकांच्या दारात नेऊन ठेवलं. रिकामं.

आमच्यात आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. सिस्टरनी उभ्या आयुष्यात ही चूक केली नव्हती. सुजाता दोन दिवस सगळ्यांना विचारत फिरली, "असं रिकामं देतात का हो कुणी?" तिला रिकाम्या भांड्याचं दुःख झालं.

दुसऱ्या राखणीचं कळलं तेव्हा सिस्टर महाडिकला जिन्यात एवढंच म्हणाल्या, "आधी कोंबडा म्हणून मारलीत. मग कोंबडी निघाली म्हणून नाकारलीत." महाडिक खाली बघत वर गेला. त्याच्या आईची पट्टी बदलायला सिस्टर पूर्वीसारख्याच जात राहिल्या. मी चिडले. म्हटलं, गरज सरो वैद्य मरो अशी ही माणसं, आणि तुम्ही अजून त्यांच्या घरची घाण काढता? म्हणाल्या, "म्हातारीने कुणाला धरलं नव्हतं." चाळीने मात्र सोयीचा अर्थ लावला. बघा, राग गेला सिस्टरचा, मनाच्या मोठ्या आहेत. मोठ्या मनाच्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्या घरातलं काहीही उचलून न्यावं.

राग कुठे गेला नव्हता. त्यांनी दोन नंबरला घेऊन गावी राहायला जायचं ठरवलं आणि घराची किल्ली भावाकडून मागवून घेतली. सचिनचे फोन येत, त्या उचलत नसत. एका दुपारी मशीनची सुई मोडली म्हणून मी उठले, तर घरगल्लीत धप धप आवाज येत होता. मला वाटलं उंदीर मारतायत. बघितलं तर सिस्टर केरसुणी जमिनीवर आपटत होत्या आणि बेड नंबर दोन पुढे पळत होती. कोंबडी भिंतीशी जाऊन थांबायची, मान वाकडी करून बघायची आणि परत सिस्टरकडेच यायची. परत धप. परत यायची. तिचीही सवय एका दिवसाची नव्हती, तळहातावर खाऊन खाऊन झालेली होती.

मी म्हटलं, "सिस्टर, हे काय करताय? तिने काय केलं?"

"हिला पळायला शिकवतेय," त्यांना धाप लागली होती. "मीच बिघडवलं. दोघींनाही माणसं ठाऊक होती, चांगली ठाऊक होती. मी बसून बसून विसरायला लावलं. नाहीतर सचिनच्या हाती ती लागली नसती गं, मंगल. गावभर धावायला लावलं असतं तिने त्याला."

"पण गावी तुम्हीच असणार ना हिच्याजवळ?"

"मी किती दिवस? नंतर कुणीतरी हात पुढे करेलच."

धाप ओसरेपर्यंत त्या स्टुलावर बसल्या, मग पुन्हा केरसुणी उचलली. ऊन उतरेपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. मी निम्मं बघितलं, निम्मं बघवलं नाही. संध्याकाळी मला नणंदेकडे कल्याणला जायचं होतं, मुक्कामाला. निघताना पुन्हा डोकावले. परतले तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं, म्हणून हे शेवटचं.

सिस्टर तळहातावर कण्या घेऊन बसल्या होत्या. बेड नंबर दोन लॉकरच्या मागे होती, नुसता डोळा दिसत होता. सिस्टरनी हाक मारली. मालवणीतच, त्याच आवाजात. कोंबडी आली नाही. त्यांनी हात आणखी पुढे केला, पुन्हा बोलावलं. कोंबडी अंग चोरून आणखी मागे सरकली. मग सिस्टरनी मूठ मिटली, म्हणाल्या, "शाबास," आणि उठून आत गेल्या.